ई-बर्ड ॲप: एकाच तलावावर आठ वर्षं वापरल्यानंतर

मी निफाड तालुक्यातल्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. आठवडाभर नोटा मोजते, संध्याकाळी रोजकीर्द जुळवते आणि रविवारी सकाळी साडेसहाला गावाबाहेरच्या तलावावर जाऊन पाखरं मोजते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरुवात केली. आज त्या एका तलावाच्या माझ्या ३८६ याद्या ई-बर्ड या पक्षी नोंदवण्याच्या ॲपवर आहेत. दुसरीकडच्या फारशा नाहीत. ताडोबाला एकदा गेले, भिगवणला दोनदा, बाकी सगळं एवढंच तळं.

हे आधी सांगितलं, कारण देशभर फिरून नवनवे पक्षी पाहणाऱ्याला हे ॲप वेगळं दिसेल. त्याच्या दृष्टीनं ती पाहिलेल्या जातींची वही आहे, आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. मी मात्र ते एका जागेची खतावणी, म्हणजे खातेवही, म्हणून वापरलं. त्या वापरात काय हाती लागतं आणि कुठे दमछाक होते, ते लिहिते.

थोडी ओळख. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ साली ई-बर्ड सुरू केलं. आपल्याकडे त्याचं काम बर्ड काउंट इंडिया हा अनेक संस्था आणि पक्षिमित्रांचा समूह पाहतो. ॲपला पैसे पडत नाहीत, मध्ये जाहिराती येत नाहीत. पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात. वारकरी, टिबुकली, शेकाट्या, थापट्या, खंड्या ही नावं फोनवर दिसायला लागली तेव्हा मला फार बरं वाटलं. मेनू मी इंग्रजीतच वापरते, त्यातले आठ-दहा शब्द एकदा कळले की अडत नाही.

माझ्या हातात ते आलं भाचीमुळे. ती नाशिकला कॉलेजात होती आणि तिथे फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षिगणनेची तयारी चालली होती. सुट्टीला घरी आली, माझ्या फोनवर ॲप चढवलं आणि म्हणाली, "मावशी, पंधरा मिनिटं एका जागी बस आणि दिसेल ते सगळं लिही. कावळासुद्धा." मी तलावाच्या सांडव्याजवळ बाभळीखाली बसले. नऊ जाती लिहिल्या. शेवटी यादी पाठवताना ॲपनं एक प्रश्न विचारला: ओळखता आले ते सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? हो की नाही?

मी "हो" दाबलं आणि विसरले. त्या एका प्रश्नात किती काय आहे ते समजायला मला वर्ष लागलं.

समजा मी लिहिलं की आज नीलपंख दिसला. चांगलं झालं. पण पुढच्या पाच रविवारी मी नीलपंखाबद्दल काहीच लिहिलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? तो नव्हता, की मी लिहायचा कंटाळा केला? "सगळे लिहिले" असं मी दर वेळी सांगितलं असेल, तर जे नाव यादीत नाही तो पक्षी त्या अर्ध्या तासात मला दिसला नाही, हे नक्की होतं. म्हणजे न लिहिलेल्या ओळीचीही नोंद होते. आमच्या कामात एखाद्या खात्यावर दिवसभरात व्यवहार झाला नाही तरी ते खातं खतावणीतून फाडून टाकत नाहीत, शिल्लक शून्य असेल तर शून्य दाखवतात. पक्ष्यांचं शून्य ठेवणारी पद्धत माझ्या पाहण्यात ही पहिली.

वेळ, ठिकाण, किती मिनिटं, किती अंतर चाललो, किती माणसं पाहत होती, हे सगळं प्रत्येक यादीला जोडलेलं असतं. एका जागी बसून केलेली यादी वेगळी, चालत केलेली वेगळी, आणि बाजाराला जाताना सहज दिसलेलं असेल तर तेही वेगळं नोंदवता येतं. दहा मिनिटांत पाच जाती आणि तीन तासांत चाळीस जाती यांची थेट तुलना करायची नसते, म्हणून हा खटाटोप. पहिल्यांदा जाच वाटतो. महिनाभरात हात बसतो.

आता वडिलांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय मला या ॲपची किंमत कळली नसती.

आण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी सोडायचं काम पाहायचे. नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, त्यांतल्या एकावर त्यांची आयुष्यभर नोकरी झाली. त्यांच्या खिशात कायम एक लांबट वही असे. कालव्याचं आवर्तन (ठरलेलं पाणी) कधी सुटलं, पट्टीवर पाणी किती, कोणाची पाळी कधी, हे त्यात असायचं. मधूनच एखादी ओळ पाखरांची. "१४-११-८८. रब्बी आवर्तन सुरू. पट्टेवाले हंस ३०-३५, वरून गेले." "चमचे आले, १२." "दोन करकोचे, मोठे, मान काळी."

ते गेल्यावर पेटीत अशा एकवीस वह्या सापडल्या. ई-बर्डवर जुन्या तारखेची यादीही भरता येते, हे कळल्यावर मी एक पूर्ण पावसाळा त्या वह्या घेऊन बसले. प्रत्येक नोंद भरताना तोच प्रश्न समोर येई: सगळे पक्षी लिहिलेत का? आणि प्रत्येक वेळी मला "नाही" दाबावं लागे. आण्णांनी लिहिली ती नवलाची पाखरं. पट्टकादंब (तेच पट्टेवाले हंस) लिहिले, चमचे लिहिले. बगळा, वंचक, टिटवी, मैना यांची नोंद कुठेच नाही.

आणि गिधाडांची तर एकही नाही. मी लहान असताना गावाच्या ढोरफाडीवर, मेलेली जनावरं टाकायची त्या जागी, गिधाडं उतरायची, हे मला स्वतःला आठवतं. झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून बसलेली, पंधरा तरी असतील, वीसही असतील. नक्की किती, ते सांगता येत नाही. आण्णा रोज त्या वाटेनं सायकलवर जायचे. एकवीस वह्यांत गिधाड हा शब्द नाही. रोज दिसणारी गोष्ट कोण लिहून ठेवतो?

गिधाडांचं पुढे काय झालं ते आज सगळ्यांना माहीत आहे. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. हे कारण २००४ साली सिद्ध झालं, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण कारण शोधण्याआधी घट झाली आहे हे आकड्यांत दाखवावं लागलं, आणि ते दाखवता आलं कारण १९९१ ते १९९३ या काळात शिकारी पक्ष्यांची रस्त्यांवरून मोजणी झालेली होती. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) डॉ. विभू प्रकाश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली आणि त्यानंतरही त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजलं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची १९९२ ते २००७ दरम्यानची घट ९९.९ टक्के निघाली. ती पहिली मोजणी झाली तेव्हा गिधाड ही रोजचीच गोष्ट होती. तरी कोणीतरी ती मोजून ठेवली होती.

म्हणून मी दर रविवारी कावळे मोजते. साळुंक्या मोजते. वंचक मोजते. वाघांसाठी देशभर दर चार वर्षांनी कॅमेरे लागतात, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ आला, आणि ते काम व्हायलाच हवं. आमच्या तलावावरच्या वंचकांसाठी कोणी कॅमेरा लावणार नाही. त्यांच्यासाठी मी आहे आणि माझा फोन आहे.

तर तलावाबद्दल. कालव्याचं पाणी पाझरून येतं, त्यामुळे मे महिन्यातही तळाशी थोडं टिकतं. एका बाजूला द्राक्षबागा, एका बाजूला ऊस, पश्चिमेला भिंत. नांदूर-मधमेश्वर अभयारण्य इथून स्कूटीवर पाऊण तास. ते १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, हिवाळ्यात तिथे बघ्यांच्या गाड्या लागतात. आमच्या तलावाला बोर्डसुद्धा नाही. ई-बर्डवर मी त्याला सार्वजनिक ठिकाण करण्याची विनंती केली, ती मान्य झाली, आणि नकाशावर पहिल्यांदा त्याचं नाव उमटलं. त्या दिवशी आईला फोन दाखवला होता.

आठ वर्षांत काय दिसलं?

दर रविवारी काहीच दिसत नाही, म्हणजे बदल दिसत नाही. मागच्या रविवारसारखाच हा रविवार असतो. पण ई-बर्डच्या वेबसाइटवर ठिकाणाचा एक तक्ता निघतो. प्रत्येक महिन्याचे चार भाग, आणि प्रत्येक जातीसमोर कमी-जास्त जाडीची पट्टी, त्या आठवड्यातल्या किती याद्यांत ती जात आली त्याप्रमाणे. वर्षं आपण निवडायची. मी आधी २०१७ ते २०१९ लावून पाहिलं, मग २०२२ ते २०२४. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाही.

थापट्यांची पट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सलग जाड होती, ती आता तुटक झाली आहे. वारकऱ्यांचं नाव यादीत अजून आहे, पण माझ्या आकड्यांत ते दोनशेच्या आसपास असायचे, मागच्या हिवाळ्यात सत्तरच्या वर गेले नाहीत. २०१९ च्या पावसाळ्यानंतर तलावात जलपर्णी आली, आणि आता निम्म्याहून जास्त पाणी तिच्याखाली आहे. कमळपक्षी मात्र वाढले, त्यांना त्या पानांवर चालायला मोकळं रान मिळालं. जांभळ्या पाणकोंबड्याही वाढल्या. म्हणजे जातींची संख्या मोजली तर तलाव जवळपास तेवढाच भरलेला वाटेल. उघडं पाणी लागणारी पाखरं गेली आणि झाकलेलं पाणी चालणारी आली, हे फक्त जातवार खतावणीत दिसतं.

नीलपंखाचं वेगळं. उसाच्या बाजूच्या तारेवर तो हिवाळ्यात बसायचा. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी केलेल्या दर दहा याद्यांपैकी चारेकांत त्याचं नाव आहे, गेल्या दोन हिवाळ्यांत दहातल्या एकात. ही एका तलावाची गोष्ट झाली, ती मी एकटीनं सांगितली असती तर कोणीही म्हणालं असतं, तार बदलली असेल. पण २०२३ मध्ये आलेल्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या अहवालात नीलपंखाचं नाव होतं. ज्या चौदा जातींचा धोक्याचा दर्जा जागतिक पातळीवर पुन्हा तपासावा अशी शिफारस झाली, त्यांत तो आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पक्षी.

तो अहवाल ई-बर्डवरच्या याद्यांवर उभा आहे. ३०,००० हून जास्त माणसांनी केलेल्या ३ कोटी नोंदी, ९४२ जाती. ज्यांच्याबद्दल दीर्घकाळाचं काही सांगण्याइतपत माहिती होती अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या आहेत. शिकारी पक्षी, चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी आणि बदकं यांची घसरण जास्त आहे. मोर वाढले आहेत, आणि ते मला अहवालानं सांगायची गरज नव्हती; पहिली चार वर्षं माझ्या एकाही यादीत मोर नाही, आता द्राक्षबागेतून ओरडणं ऐकू आलं नाही असा रविवार नाही. पद्धत तीच: किती मोजले यापेक्षा शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आली. अहवाल उघडून बदकांच्या पानावर आले तेव्हा मनात आलं, त्या ३ कोटींमध्ये माझे थापटे आहेत. इवलासा वाटा असेल, पण आहे.

आता जिथे जपावं लागतं ते.

मोजणं सोपं नाही. रोख मोजताना अंदाज चालत नाही. चारशे बदकांचा थवा पाण्यावर हलतो आहे, त्यातली निम्मी डोकं पंखात खुपसून बसली आहेत, तिथे अंदाजाशिवाय काही चालत नाही. मी सुरुवातीला घाबरून आकड्याऐवजी "होते" एवढीच खूण करायचे, ॲपमध्ये तशी सोय आहे. आज वाटतं, तसं करायला नको होतं. "होते" या खुणेतून दोनशेचे सत्तर झालेले कधीच कळले नसते. आता दहा पाखरं मोजते, ती किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरते, आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जाते. दोनदा करते. जुळलं नाही तर तिसऱ्यांदा.

ओळख चुकणं. तिसऱ्या वर्षी मी मे महिन्यात पस्तीस चक्रांग बदकं लिहिली. त्या भागात त्या महिन्यात तेवढी अपेक्षित नसतील तर ॲप तिथल्या तिथे खूण करतं आणि तपशील मागतं. मी "स्पष्ट दिसली" असं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल आली. अतिशय नम्र. फोटो आहे का, मादी होती की नर, भुवईवरची रेघ कशी होती, एवढंच विचारलं होतं. फोटो भाचीनं काढलेला होता, तो मोठा करून पाहिला. भुवई बदकंही असू शकत होती, माद्या लांबून मला तरी सांगता येत नाहीत. ॲपमध्ये "यांपैकी एक" असं लिहायची सोय आहे, आणि अगदीच कळलं नाही तर नुसतं "बदक" असंही लिहिता येतं. मी नोंद बदलली. कॅशमध्ये फरक आला तर आकडा जुळवण्यासाठी खिशातले पैसे घालायचे नसतात, फरक आहे तसा दाखवायचा असतो. हे मला येत होतं, पाखरांच्या बाबतीत लागू करायला तीन वर्षं लागली.

नकाशावरची ठिकाणाची टाचणी चुकणं. ही चूक पुष्कळांची होते असं दिसतं. मार्च २०२० मध्ये बाहेर पडणं बंद झालं तेव्हा मी घराच्या गच्चीवरून यादी करायला लागले. गच्चीवरून तलावाची एक कड दिसते, म्हणून पहिल्या दोन याद्या तलावाच्याच नावावर टाकल्या. मग लक्षात आलं की अशानं तलावावरची पाखरं एकदम घटल्यासारखी दिसतील. गच्चीचं वेगळं ठिकाण केलं, त्या दोन याद्या तिकडे हलवल्या. तलावाच्या खात्यात त्या वेळचे अकरा रविवार रिकामे आहेत. रिकामेच राहू दिलेत.

आणि एक मर्यादा पद्धतीतच आहे, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. याद्या जिथे माणसं जातात तिथल्या येतात: शहरांजवळच्या, रस्त्याकडेच्या, सुट्टीच्या दिवशीच्या. अहवाल करणारे त्याचा हिशेब धरतात, पण जिथून यादीच येत नाही तिथलं कोणतंही गणित सांगू शकत नाही. माझ्या तलावापासून बारा किलोमीटरच्या आत आणखी सहा-सात पाझर तलाव आहेत. नकाशावर ते कोरे आहेत. बहुतेक शेतांत आता प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली. पाणी भरपूर, पण काठाला चिखल नाही, गवत नाही, त्यामुळे तुतवार उतरत नाही की शेकाट्या. तालुक्यात पाणी वाढलं आणि पाणपक्ष्यांची जागा घटली असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणते, कारण त्या शेततळ्यांच्या याद्या कोणी केलेल्या नाहीत. नांदूर-मधमेश्वरसारख्या जागी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून अनेक देशांत एकाच हंगामात होणारी ती मोजणी वेगळ्या शिस्तीची आहे आणि ई-बर्डमुळे तिची गरज कमी होत नाही. दोन्ही हवंत.

यादीचा उपयोग झाला का, असं मला पतसंस्थेत विचारतात. गेल्या वर्षी तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला. चहूबाजूंनी दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), वर पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दिवे. मी दोन्ही काळांचे तक्ते छापून ग्रामसभेत नेले. पहिल्यांदा हसू आलं काहींना, मग एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "ही पोरगी दर रविवारी तिथं बसलेली असती, म्या बघितलंय." तेवढ्यानं सगळे शांतपणे ऐकायला लागले. पूर्वेचा चिखलाचा काठ सोडून बाकी तिन्ही बाजूंना काम करा आणि आधी जलपर्णी काढा, एवढीच माझी मागणी होती. प्रस्ताव सध्या थांबलेला आहे. तो बदलून येतो की तसाच येतो ते कळेल. पण "तिथं काय असतंय, दोन बगळे" या बोलण्याला उत्तर म्हणून माझ्याकडे ११८ जातींची यादी होती, तारीखवार.

जे घेणार आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी पुरते. पहिली मी एका दुकानातून स्वस्त पाहून घेतली, ती पहिल्याच पावसाळ्यात आतून धुकटली आणि दुकानदारानं हात वर केले. दुसरी घेताना पाणी न शिरणारी आहे का ते आधी पाहिलं. फोनवर चालण्याची वाट नोंदवण्याची सोय चालू ठेवली तर बॅटरी लवकर उतरते, एका जागी बसून यादी करणाऱ्यांना ती लागत नाही. वर्षातून एकदा स्वतःच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या. मी दर दिवाळीत एक्सेलमध्ये काढून ठेवते. काही दुर्मीळ, शिकारीचा धोका असलेल्या जातींचं नेमकं ठिकाण ई-बर्ड स्वतःच झाकतं, पण घरट्याचा फोटो टाकताना आपणही विचार करावा.

जागा निवडताना सगळ्यात चांगली जागा निवडू नका. घरापासून दहा मिनिटांवरची निवडा, म्हणजे ताप असताना, पाहुणे असताना, मार्चएंडला सुद्धा जाणं होतं. शाळेचं मैदान चालेल, स्मशानाजवळचा ओढा चालेल.

गुण द्यायचे तर पाचपैकी पाच देते. आण्णांच्या वह्यांतल्या १४३ नोंदी मी भरल्या, सगळ्या "अपूर्ण" म्हणून. जिथे जातीची खात्री नव्हती तिथे "हंस" किंवा "बदक" एवढंच. मान काळी असलेले ते दोन करकोचे कांड्या जातीचे असावेत असं मनात येतं, पण वहीत तेवढं लिहिलेलं नाही, म्हणून तेही नुसते "करकोचे" म्हणून गेले.

तलावावर रेंज नसते. आपल्या भागाची पक्ष्यांची यादी आदल्या रात्री घरी वाय-फायवर उतरवून घ्या, मग ॲप रेंजशिवाय चालतं आणि यादी घरी आल्यावर पाठवता येते. या रविवारी मी ६:४० ला बसले, ७:१० ला उठले. पिवळे परीट आलेत, चार. वारकरी अजून नाहीत.